देवळालीच्या मावशींना, अण्णांच्या टोपीबद्दल

ती. मावशी,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तुमचे आभार मानायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "टोपी बसली ना डोक्यावर? मग झालं," आणि लगेच नातवाच्या परीक्षेचं सांगायला लागलात. म्हणून हे पत्र लिहिते आहे. तेही उघड, कारण देवळाली कॅम्पातल्या आपल्या गच्चीवर तुम्ही दोन हिवाळे मला जे दिलंत, ते चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

आमचे अण्णा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात, हे तुम्हाला माहीतच आहे. बाकीच्यांसाठी सांगते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की ती दरवर्षी पेपरातली बातमी होते. आमच्या घरात मात्र त्या दिवसांत झोप नसते. मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे ते मऊ पडून पिकायला लागायच्या वेळी थंडी एकदम वाढली तर मणी तडकतात. मग बागेत शेकोट्या करायच्या, पहाटे ठिबक सोडायचं. त्यात शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. बहात्तराव्या वर्षीही अण्णा चार वाजता उठून मोटर चालू करायला जातात, तेही डोक्याला एक पातळ उपरणं गुंडाळून. बाजारातली कानटोपी आणून दिली होती. ती सिंथेटिक, डोक्याला घाम यायचा. मग ते ती काढून खिशात ठेवायचे आणि गार वाऱ्यात तसेच उभे राहायचे. त्या वर्षी त्यांचा कान आठवडाभर दुखला. तेव्हा मी ठरवलं की लोकरीची टोपी स्वतः विणायची, आणि साधी नाही तर वेण्यांची. वेणीच्या विणीत टाके एकमेकांवरून जातात, कापड दुप्पट जाड होतं, मधल्या खोलगट जागांत हवा अडकते. ऊब त्यातूनच येते, एवढं मी वाचलेलं होतं.

सुलट-उलट शाळेत शिकले होते, वेणी कधीच घातली नव्हती. एक परदेशी नमुना मिळाला. ओकची पानं आणि वर चढत जाणारे पेड, फार देखणा होता. 'सुई आठ नंबर' असं त्यात लिहिलेलं. नाशिकरोडच्या दुकानातून आठ नंबरच्या सुया आणल्या, तीन आठवडे विणलं, आणि जी टोपी झाली ती चार वर्षांच्या मुलालाही जेमतेम आली असती. ती घेऊन मी गच्चीवर आले तेव्हा तुम्ही उन्हात पाय पसरून मोजे विणत होता. आपली तोवर फक्त जिन्यातली ओळख. मी रडवेली झाले होते, हे तुम्ही पाहिलंत आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाहीत. टोपी हातात घेतलीत, उलटी केलीत, आतली बाजू पाहिलीत. "टाके एकसारखे आहेत गं," म्हणालात. सगळ्यात आधी हे. मग सुई उचलून विचारलंत, "ही आठ नंबर कुणाची? आपली की त्यांची?"

नंबरांत 'आपला' आणि 'त्यांचा' असतो हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर उलट चालतात, वाढला की सुई जाड. त्यांची आठ नंबर पाच मिलिमीटरची. तीन आठवड्यांच्या कामातली चूक तुम्ही एका वाक्यात दाखवलीत. नवीन शिकणाऱ्या प्रत्येकीला मी आता हेच आधी सांगते की नंबर विसर, मिलिमीटर बघ.

त्या दिवशी तुम्ही आणखी एक विचारलंत, आणि माझी टोपी खरी तिथून सुरू झाली. पानावर बोट ठेवून म्हणालात, "हे कशाचं?" मी म्हटलं, ओकचं. तुम्ही काकांच्या नोकरीत राणीखेतला काढलेली वर्षं सांगितलीत. तिथल्या बायका थंडीत दुपारभर उन्हात बसून विणायच्या, तुम्हीही तिथेच शिकलात. टाक्याला 'फंदा' आणि सुईला 'सलाई' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. "तिथेही ओक होता, बांज म्हणतात त्याला. पण त्याचं पान असं कातरलेलं नसतं. हे पान मी कधी पाहिलेलं नाही, तू पाहिलंयस?" मीही पाहिलेलं नव्हतं. "मग अण्णांच्या डोक्यावर कशाला? त्यांच्या शिवारात काय आहे?"

घरी येऊन रात्री मी या विणीबद्दल मिळेल ते वाचत बसले. दाट वेण्यांचे ते प्रसिद्ध स्वेटर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या तीन अरण बेटांवरचे. बुडालेल्या कोळ्याची ओळख पटावी म्हणून प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती खरी नाही. ती वीणसुद्धा फार प्राचीन नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मला भावली ती विणींची नावं: ब्लॅकबेरी, मधाचं पोळं, शेवाळ, झाड. रोज जे डोळ्यांसमोर असतं त्याचीच नावं. तुमच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला.

दुसऱ्या दिवशी मी आलेखाच्या कागदावर द्राक्षाचा वेल काढून आणला. एक नागमोडी पेड, दोन्हीकडे पानं, मधूनमधून घड. तुम्ही तो कागद बराच वेळ पाहिलात आणि परत दिलात. "हा कॅलेंडरवरचा वेल आहे. बाग दीड तासावर आहे तुझी. बघून ये, मग काढ."

मावशी, खरं सांगते, मला राग आला होता. द्राक्षाच्या बागेत लहानाची मोठी झालेली मी, मला वेल बघून यायला सांगताय! तरी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी गेले. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन दीड महिना झाला होता, फुटी तारेच्या वर गेल्या होत्या, घड फुलोऱ्यातून नुकते बाहेर पडत होते. मी अण्णांना म्हटलं, मला एक काडी नीट दाखवा. त्यांनी कारण विचारलं नाही. काडी हातात धरून खालून वर एकेक पेर दाखवत गेले.

पस्तीस वर्षं डोळ्यांसमोर असून मी कधी पाहिलं नव्हतं की प्रत्येक पेराला एकच पान असतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. घड पानाच्या बगलेत येत नाही, तर बरोबर पानाच्या समोर, पेराच्या दुसऱ्या बाजूला येतो. वरच्या पेरांना त्याच जागी बाळी येते, तीच ती तारेला वेटोळं घालणारी. "घडाची न् बाळीची जागा एकच," अण्णा म्हणाले. "झाडाला ताकद मिळाली तर घड, नाही तर बाळी." आणि सलग दोन पेरांना समोर काहीतरी असतं, तिसऱ्या पेराला काहीच नाही, नुसतं पान. पुन्हा दोन, पुन्हा एक मोकळं. मी चार काड्या मोजल्या, दहा मोजल्या, तेच. वेल स्वतःच तीन-तीन पेरांचा नमुना विणत वर चढत होता! माझ्या कागदावर पानं आणि घड एकाच बाजूला लटकवलेले होते. तुम्हाला द्राक्षातलं काही माहीत नव्हतं, असं तुम्ही नंतर सांगितलंत. तुम्हाला फक्त ते चित्र न बघता काढलंय, एवढं दिसलं होतं.

हंगामात बाळ्या काढून टाकतात, त्या अन्न खातात म्हणून. पण मागच्या वर्षीच्या वाळलेल्या बाळ्या तारेवर घट्ट बसलेल्या होत्या, लाकडासारख्या कडक. त्यांतली एक मी तुमच्यासाठी खिशात घालून आणली. आठवतं? तुम्ही चष्मा लावून ती फिरवत राहिलात आणि एकदम म्हणालात, "अगं, ही अर्ध्यात दिशा बदलते." खरंच. अर्धी वेटोळी एका अंगाने, मग मधे एक सरळ तुकडा, मग उरलेली दुसऱ्या अंगाने. दोन्ही टोकं धरलेली असली की बाळीला तसंच वळावं लागतं. तुम्ही लगेच मोजा बाजूला ठेवलात आणि मला वेणीचा सगळ्यात पहिला धडा त्या बाळीवर दिलात. टाके छोट्या सुईवर काढून ती सुई कामाच्या पुढे धरली की पेड डावीकडे झुकतो, मागे धरली की उजवीकडे. बाळीला एकेरी टाक्यांचा पीळ, आधी तीन वेळा पुढे, मग दोन ओळी नुसत्या, मग तीन वेळा मागे. त्या दिवसानंतर डावं-उजवं मी कधी चुकले नाही असं नाही, पण चुकलेलं मला दिसायला लागलं.

मग हिशेब. अण्णांचं डोकं सत्तावन्न सेंटिमीटर. टोपी ताणून बसली पाहिजे म्हणून पन्नास धरली. साध्या विणीत माझे दहा सेंटिमीटरला बावीस टाके येत होते, म्हणजे एकशे दहा. एक वेल अठ्ठावीस टाक्यांचा, चार वेल म्हणजे एकशे बारा. मी टाके घालायला बसलेसुद्धा. तुम्ही म्हणालात, आधी वेण्यांसकट एक चौकोन विण, धू, वाळव, मग मोज. मला तो दोन दिवसांचा उशीर नको होता. विणला. धुऊन मोजला तर दहा सेंटिमीटरला अठ्ठावीस टाके! वेणी कापडाला आत ओढते. एकशे बारा टाक्यांची टोपी चाळीस सेंटिमीटरच झाली असती, म्हणजे पुन्हा लहान मुलाची. पाच वेल, एकशे चाळीस टाके, पन्नास सेंटिमीटर. टोपीच्या खालच्या काठाच्या पट्टीला एवढे टाके लागत नाहीत, म्हणून तिथे दहा नंबरच्या सुयांवर एकशे बाराच घालायचे, दोन सुलट दोन उलट, आणि पट्टीच्या शेवटच्या फेरीत दर चार टाक्यांमागे एक वाढवायचा. अठ्ठावीस वाढतात, बरोबर एकशे चाळीस. हे गणित जुळलं तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खूश झाला होता.

तुमच्या कितीतरी सूचना मी इथे एका दमात सांगून टाकते. छटांची लोकर नको, पेड दिसत नाहीत, एकरंगी आणि फिकट घे. (मी कच्च्या मण्यांचा फिकट हिरवा घेतला.) शंभर ग्रॅम लागेल पण दीडशे आण, कारण नंतर तोच रंग मिळत नाही. अण्णा म्हणाले होते घोंगडीची लोकर वापर, आपल्याकडची आहे. तुम्ही त्यावर हसला नाहीत, ती अंगावरच्या पांघरुणाला चांगली, कपाळाला टोचेल, असं त्यांना फोनवर नीट समजावलंत. टाका उंचीपेक्षा रुंद असतो म्हणून चौकोनी कागदावर काढलेलं पान विणल्यावर चपटं होतं, त्याला चार ओळी जास्त दे. आणि घड. एका टाक्यातून पाच काढून, पलटून चार ओळी विणून, परत एक केला की एक मणी होतो. विणकामातही मणीच, बागेतही मणीच, हे मला फार आवडलं. पण मी पहिला घड वरून खाली विचार करून विणला आणि तो उभा राहिला. "द्राक्षं अशी आकाशाकडे बघतात का?" टोपी खालून वर विणली जाते, म्हणून घडाचं टोक आधी यायला हवं, आणि पेर यायच्या आठ फेऱ्या आधीच तो सुरू करायला हवा. नऊ मण्यांचा घड जड व्हायला लागला, तर तुम्ही सहावर आणलात, एक, दोन, तीन. अण्णा ऐकून म्हणाले, "विरळणी केली म्हणा की."

या सगळ्यात तुम्ही एकदाही माझ्या हातातल्या सुया घेतल्या नाहीत. एकदा सोडून.

तो दिवस जानेवारीतला. टोपी डोक्याच्या निम्म्यावर आली होती. मी कौतुकाने तुमच्यापुढे धरली आणि तुमची नजर तिसऱ्या वेलावर थांबली. आठ फेऱ्या खाली पेड चुकीच्या अंगाला वळला होता. चारच टाके. पण आठ फेऱ्या म्हणजे अकराशेहून जास्त टाके उसवायचे, त्यात मणी, त्यात बाळ्या. मला उसवायचं त्राण नव्हतं. राहू दे, कोण बघतंय, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "राहू द्यायचं असेल तर राहू दे. नको असेल तर दुसरी वाट आहे." मग माझ्या परवानगीने तुम्ही सुई घेतलीत आणि ते चार टाके सुईवरून सोडून दिलेत. नुसते सोडून दिलेत! मी ओरडलेच. तुम्ही शांतपणे ते चार टाके एकेक फेरी खाली ओढत नेलेत. मागे आडव्या धाग्यांची शिडी उरली, आठ पायऱ्यांची. आजूबाजूचे एकशे छत्तीस टाके जागेवर होते, त्यांना कळलंही नाही. चुकलेल्या जागी पोचल्यावर तुम्ही दोन टाके दुसऱ्या दोनांवरून योग्य अंगाने फिरवलेत, क्रोशाची सुई माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "खाली मी आणले, वर तू ने."

माझे हात कापत होते. एक पायरी, चार टाके. दुसरी पायरी. धागा सैल वाटायचा, तुम्ही म्हणायचात, धुतल्यावर बसेल. मधे एक वळण परत आलं ते तुम्ही बोलून दाखवलंत, हात लावला नाहीत. ऊन गच्चीच्या कठड्यापलीकडे गेलं तेव्हा शेवटचा टाका सुईवर चढला. मला आजवर अनेकांनी मदत केली आहे, पण बहुतेकांनी माझं काम करून दिलं. तुम्ही घाबरण्याचा भाग स्वतःकडे घेतलात आणि काम माझ्याकडे ठेवलंत. हे आभार मला मानायचे होते, आणि फोनवर ते सांगता येत नव्हते.

माथ्याकडे आल्यावर तुम्ही वेलांमधले उलट टाके आधी कमी करायला लावलेत, वेलांना शेवटपर्यंत हात लावू दिला नाहीत. त्यामुळे पाची वेल वर जाऊन एकत्र मिळतात. शेवटचे दहा टाके धाग्यावर ओवून ओढून घेतले. आत हात घालून टोपी उजेडात धरली तर डोक्यावर मांडव दिसतो, अगदी बागेत मान वर केल्यावर दिसतो तसा. हे आम्ही दोघींनीही ठरवलं नव्हतं.

टोपी मी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात अण्णांना दिली. त्यांनी लगेच घातली नाही. मांडीवर घेतली आणि काडी दाखवताना जसं बोट फिरवलं होतं, तसंच पट्टीपासून वर फिरवत गेले. पान, समोर घड. पान, समोर बाळी. पान. तिथे बोट थांबलं. "तिसऱ्याला काही नाही," ते म्हणाले, "बरोबर." मग घातली. आई सांगते की पहाटे मोटरला जाताना आता ती डोक्यावरच असते, खिशात जात नाही. कान दुखला नाही त्या वर्षी.

तुम्ही उन्हाळ्यात लेकीकडे नागपूरला गेलात आणि गच्ची रिकामी झाली. तुमची खुर्ची मी घडी करून टाकीच्या आडोशाला ठेवली आहे, कधीही या. यंदा धाकट्या काकांनाही तशीच टोपी हवी आहे. त्यांची बाग काळ्या द्राक्षांची, म्हणून गडद जांभळी मागत होते. मी तुमचं ऐकवलं, पेड दिसणार नाहीत, शेवटी राखाडीवर तयार झाले. परवा रात्री चौथ्या वेलाची बाळी पाहिली तर ती दोन्ही अर्ध्यांत एकाच अंगाला वळलेली. सहा फेऱ्या खाली. तुम्हाला फोन करणार होते, पण अकरा वाजून गेले होते.

मग मी दोन टाके सोडले. शिडी केली. खाली गेले, वळण फिरवलं आणि क्रोशाने परत वर आणले. वीस मिनिटं लागली. फोटो सोबत पाठवते आहे, कुठली बाळी ते ओळखून सांगा.

तुमची,
तुमच्याच बिल्डिंगमधली